साथीच्या काळात सांगायचे काय आणि कसे?

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी विज्ञानशिक्षकांच्या शिबिरात बोलण्याचा योग आला. विषय होता विषाणू आणि लस. व्याख्यान संपून प्रश्नोत्तरे सुरू झाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एक बाई उठून म्हणाल्या, "सर, २०२० साली आम्हा शिक्षकांना घरोघर सर्वेक्षणाला पाठवलं होतं. एका आजींनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, 'बाई, आधी म्हणत होता मास्कचा काही उपयोग नाही. आता म्हणता मास्क नसला तर दंड. खरं कोणतं?' मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?"

आम्ही उत्तर दिले : विज्ञान शिकत शिकत पुढे जाते, नवी माहिती मिळाली की सल्ला बदलतो. बाई मान हलवून खाली बसल्या. त्यांचे समाधान झालेले नाही हे दिसत होते. परतताना एस.टी.त बसल्यावर लक्षात आले की आमचेही झालेले नाही. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण ते अर्धे होते. उरलेले अर्धे उत्तर असे आहे : त्या पहिल्या महिन्यांत शास्त्रज्ञांना जेवढे ठाऊक होते तेवढे, आणि जे ठाऊक नव्हते ते, लोकांना नीट सांगितलेच गेले नाही. ही चूक आजींची नव्हती, बाईंचीही नव्हती. ती आमच्यासारख्या, विज्ञानाच्या वतीने बोलणाऱ्यांची होती.

ही चूक नेमकी काय होती, ती कशामुळे झाली आणि पुढच्या साथीत ती टाळायची कशी, याचा विचार या लेखात करू या. पुढची साथ येईल तेव्हा दारोदार जाणारे, पालकांच्या शंकांना तोंड देणारे शिक्षकच असणार आहेत, म्हणून हा विषय शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

एकच महिना, दोन संदेश

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे म्हटले. त्याच महिन्यात, २८ मार्चला, संघटनेने ट्विटरवरून एक संदेश दिला. 'वस्तुस्थिती' असा शब्द ठळकपणे आरंभी घालून त्यात म्हटले होते की कोविड-१९ हवेतून पसरत नाही. खोकताना, शिंकताना, बोलताना उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो, हे तुषार जड असल्याने हवेत तरंगत राहत नाहीत, तेव्हा एक मीटर अंतर ठेवा आणि हात धुवा, असा त्याचा आशय होता.

त्याच मार्च महिन्यात जपानमध्ये काय चालले होते ते पाहा. तिथल्या तज्ज्ञगटाने पहिल्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. बहुतेक रुग्णांकडून पुढे कोणालाच लागण होत नव्हती, पण थोड्या रुग्णांकडून एकाच ठिकाणी अनेकांना होत होती. अशा ठिकाणांमध्ये तीन गोष्टी समान होत्या : जागा बंदिस्त, माणसांची दाटी आणि जवळून बोलणे. मग तज्ज्ञगटाने लोकांना एवढेच सांगितले, की या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात अशा जागा टाळा. जपानी भाषेत या सल्ल्याला 'सान-मित्सु', म्हणजे 'तीन दाट गोष्टी', असे सुटसुटीत नाव पडले. ते इतके रुळले की वर्षअखेरीस त्या वर्षाचा शब्द म्हणून त्याची निवड झाली.

दोन्हींकडे माहिती अपुरीच होती. विषाणू नेमका कसा पसरतो याचा निकाल त्या वेळी कुठेच लागलेला नव्हता. फरक सांगण्यात होता. पहिल्या संदेशाने जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे सांगितले. दुसऱ्याने काय दिसले आहे आणि तोवर काय करायचे, तेवढे सांगितले. पुढे माहिती वाढली तेव्हा पहिला संदेश मागे घ्यावा लागला, दुसरा होता तसाच कामी आला. जपानमध्ये पुढे काय झाले त्याचे सगळे श्रेय एका घोषवाक्याला देता येणार नाही, त्याला इतर अनेक कारणे आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की अपुऱ्या माहितीतूनही टिकाऊ सल्ला देता येतो.

कवडशातली धूळ

तुषार जड असतात, ते लगेच खाली पडतात, हे विधान वर्गात सहज तपासता येते. दुपारी कौलाच्या फटीतून किंवा खिडकीतून कवडसा आला की त्यात धूलिकण तरंगताना दिसतात. त्यांतले कित्येक पाच मायक्रॉनपेक्षा बरेच मोठे असतात (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तरीही ते खाली पडायची घाई करत नाहीत.

स्थिर हवेत लहान कण किती वेगाने खाली येतो, हे स्टोक्सच्या नियमावरून काढता येते. हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास निम्मा झाला की वेग एक-चतुर्थांश होतो. उभ्या माणसाचे तोंड जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरले, तर १०० मायक्रॉनचा तुषार पाच-सहा सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या तुषाराला सुमारे आठ मिनिटे लागतात, ५ मायक्रॉनच्या तुषाराला अर्धा तास, आणि १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांहून अधिक. खोलीतली हवा कधीच पूर्ण स्थिर नसते, त्यामुळे प्रत्यक्षात हे लहान कण आणखी भटकतात.

आता गंमत अशी, की आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत अनेक वर्षे '५ मायक्रॉनपेक्षा मोठे तुषार लगेच पडतात' असे लिहिलेले होते. गणित सांगते की ही सीमारेषा ५ मायक्रॉनपेक्षा कितीतरी पुढे, १०० मायक्रॉनच्या आसपास, असायला हवी. विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ सालीच ती तिथे असल्याचे दाखवले होते. पाच मायक्रॉन ही मर्यादा वेगळ्या प्रश्नाची होती : फुप्फुसात खोलवर कोणते कण पोचतात? क्षयरोगाच्या अभ्यासात ती महत्त्वाची ठरली आणि पुढे दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळली गेली. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ती तशीच उतरत राहिली.

प्रत्यक्षातले दाखलेही येत होते. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीमध्ये एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यांतल्या एकाला लक्षणे होती. इतरांपैकी ३२ जणांना लागण झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले, आणखी २० जणांना ती झाली असावी असे लक्षणांवरून दिसले. दोघे दगावले. मे महिन्यात ही तपासणी प्रसिद्ध झाली. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असे जाहीर आवाहन केले. आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात ती शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले, ३० एप्रिल २०२१ रोजी आपल्या माहितीपत्रकात तिचा स्पष्ट समावेश केला, आणि २०२४ साली 'तुषार' व 'हवेतले कण' ही जुनी विभागणी सोडून नवी परिभाषा सुचवली.

'पुरावा नाही' म्हणजे काय?

आम्ही संशोधक मंडळी एक वाक्य फार वापरतो : "याला पुरावा नाही." आमच्या आपापसातल्या बोलण्यात त्याचा अर्थ असतो, 'हे अजून पुरेसे तपासलेले नाही.' घरात बसून बातम्या ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो, 'तपासले, आणि तसे काही नाही.'

गावातल्या विहिरीचे उदाहरण घेऊ. विहिरीवर पाटी लावली, 'पाणी दूषित असल्याचा पुरावा नाही.' लोक घागरी भरून नेतील. पण पाण्याचा नमुना तालुक्याला पाठवलाच नसेल, तर ही पाटी खरी असूनही घातक आहे. खरी पाटी अशी हवी : 'पाणी अजून तपासलेले नाही. अहवाल येईपर्यंत उकळून प्यावे.' या दुसऱ्या पाटीत तीन गोष्टी आहेत. काय ठाऊक नाही, ते कधी कळेल, आणि तोवर काय करायचे. अज्ञान कबूल करूनही ती माणसाला गोंधळात टाकत नाही, कारण त्याच्या हाताला काम देते.

मास्कच्या बाबतीत पहिल्या प्रकारची पाटी लागली, आणि त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने लोकांना मास्क विकत घेऊ नका असे बजावले. सामान्य माणसाला त्यांचा उपयोग नाही, आणि डॉक्टर-परिचारिकांना ते मिळाले नाहीत तर सर्वांनाच धोका आहे, अशी दोन कारणे त्याने एका दमात दिली. ऐकणाऱ्याने साहजिकच विचारले, की जी वस्तू माझ्या उपयोगाची नाही ती डॉक्टरांना कशी उपयोगी पडते? खरे कारण तुटवड्याचे होते. "मास्क कमी आहेत, रुग्णांजवळ असणाऱ्यांना ते आधी लागतील, तुम्ही कापडाने नाकतोंड झाका, त्याने किती संरक्षण मिळते ते आम्ही तपासतो आहोत," असे सांगितले असते तर लोकांना समजले असते. ताकाला जाऊन भांडे लपवले की पुढे ताकही मिळत नाही आणि भांडेही दिसते. एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिका आणि भारत या दोन्ही ठिकाणी कापडी मास्कचा सल्ला आला, ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही तो दिला. सल्ला बदलला याचे वाईट नाही. तो का बदलला हे सांगितले गेले नाही, म्हणून आजींना प्रश्न पडला.

चुकीच्या खात्रीची किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागली. विषाणू पृष्ठभागांवरून पसरतो या समजापायी भाजी धुणे, पिशव्या पुसणे, रस्ते फवारणे यांत अमाप श्रम गेले. मार्च २०२०च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला, माणसांवर जंतुनाशक फवारू नका, ते अपायकारक आहे, असे पत्रक काढावे लागले. आणि फवारणी करणाऱ्यांपैकी कितीजणांना कोणी सांगितले होते, की खोलीच्या खिडक्या उघडा?

सांगणारा कोण?

संदेश बरोबर असला तरी तो कोण सांगतो, कसा सांगतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. याचा धडा महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्यानंतर पुण्यात रँडच्या देखरेखीखाली सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. आजाऱ्यांना उचलून नेले जाई, सामानसुमान जाळले जाई. हे कशासाठी, हे कोणी समजावून सांगत नव्हते. परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवू लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी ज्या एका गोष्टीची सर्वांत जास्त गरज असते, ती म्हणजे रुग्ण कुठे आहे ही खबर, तीच मिळेनाशी झाली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत १८९८ साली दाखवले आणि १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे १८९७ साली जे एवढ्या जबरदस्तीने चालले होते, त्याच्यामागचे ज्ञानही अर्धवटच होते.

त्याच वर्षी मुंबईत दुसरा मार्गही चोखाळला जात होता. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनीही जाहीरपणे टोचून घेतले, आणि ते पाहून त्यांच्या समाजातले अनेक जण पुढे आले. आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने आधी स्वतः करून दाखवले की शंभर पत्रकांचे काम होते. गावात हे स्थान आशाताईंचे असते, दाईचे असते आणि शिक्षकाचे असते.

आकडे सांगताना

साथीत आकड्यांचा पाऊस पडतो. त्यातले एकच उदाहरण घेऊ. कोव्हॅक्सिन ही लस हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार केली. चाचणीत लस दिलेल्या ८,४७१ जणांपैकी २४ जणांना, तर लस नसलेले इंजेक्शन दिलेल्या ८,५०२ जणांपैकी १०६ जणांना लक्षणांसह कोविड झाला. यावरून लसीची परिणामकारकता ७७.८ टक्के काढली गेली. (१०६ ऐवजी २४, एवढ्यावरून हिशेब केला तर ७७ टक्क्यांच्या थोडे वर उत्तर येते. प्रत्येकावर किती दिवस लक्ष ठेवले तेही धरले की ७७.८ मिळतात.)

अनेकांनी याचा अर्थ असा घेतला, की लस घेतलेल्या शंभरांपैकी बावीस जण आजारी पडतील. तसे मुळीच नाही. लस नसती तर जितके आजारी पडले असते, त्यांतले शंभरास अठ्ठ्याहत्तर वाचले, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरी शंका आणखी अवघड आहे : "दवाखान्यात आलेले बहुतेक लस घेतलेलेच आहेत. मग लसीचा उपयोग काय?" यासाठी फळ्यावर एक काल्पनिक गाव मांडा. वस्ती १,०००. लस घेतलेले ९००, न घेतलेले १००. समजा, लस नसेल तर दहातला एक आजारी पडतो. न घेतलेल्या १०० मधले १० आजारी पडतील. घेतलेल्या ९०० मधले एरवी ९० पडले असते, त्यांतले ७८ टक्के वाचले, म्हणजे उरले सुमारे २०. एकूण ३० रुग्ण, आणि त्यांतले २० लस घेतलेले! बातमी खरी, निष्कर्ष मात्र उलटा. कोणीही लस घेतली नसती तर रुग्ण १०० झाले असते. आठवीच्या मुलांना हे गणित जमते. लसीचा परिणाम काळाबरोबर आणि विषाणूच्या नव्या प्रकारांपुढे कमी होतो, हेही त्याच वेळी सांगावे. ते लपवले तर पुन्हा आजींचा प्रश्न उभा राहील.

वर्गात काय करता येईल?

आरोग्याची कोणतीही सूचना चार ओळींत मांडायची सवय मुलांना लावता येईल :

१. आज काय ठाऊक आहे?
२. काय ठाऊक नाही?
३. ते शोधायला काय चालले आहे, आणि कधी कळण्याची शक्यता आहे?
४. तोवर आपण काय करायचे, आणि का?

डेंग्यू, कॉलरा, गोवर अशा आजारांची पत्रके ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावलेली असतात. मुलांनी एखादे पत्रक उतरवून आणावे, वरच्या चार प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत का ते पाहावे, आणि ते आपल्या शब्दांत पुन्हा लिहावे. मग ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय कळले?' असे विचारावे. आम्हाला काय सांगायचे होते आणि ऐकणाऱ्याला काय कळले, यातला फरक मोजण्याचे याहून चांगले साधन नाही.

अफवेला उत्तर देतानाही क्रम सांभाळावा. आधी खरी गोष्ट सांगावी, मग अफवेचा एकदाच उल्लेख करून ती का चूक आहे ते सांगावे, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट. अफवेचीच उजळणी केली तर लक्षात तीच राहते. आणि विचारणाऱ्याला हसू नये. आपल्या माणसांच्या जिवाची काळजी असते म्हणूनच तो विचारत असतो.

आता त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर. आजींना असे सांगता आले असते : "आजी, तेव्हा मास्क कमी होते आणि रोग कसा पसरतो ते पुरतं कळलं नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, ही आमची चूक झाली. आता असं दिसतंय, की लक्षणं नसलेल्या माणसाच्या बोलण्यातूनही रोग पसरतो. म्हणून नाकतोंड झाका, आणि माणसं आली की दारखिडक्या उघड्या ठेवा. यात उद्या काही बदल झाला, तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि का बदलला तेही सांगेन."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ते एकदा दिले की पाळावे मात्र लागते.